आळस वेगळा, थकवा वेगळा



माननीय अनस बिन मालिक (रजि.) यांनी मदीनेत सुमारे दहा वर्षे पैगंबर मुहम्मद (स.) यांची सेवा केली. घरात वावरणाऱ्या मुलाच्या कानांवर जे वारंवार पडते, ते त्याच्या आयुष्यभर लक्षात राहते. अनस (रजि.) सांगतात की, पैगंबर (स.) यांच्या मुखातून एक दुआ त्यांनी पुष्कळदा ऐकली. तिच्यात चिंता आणि दुःख, असमर्थता आणि आळस, कंजूषपणा आणि भित्रेपणा, कर्जाचा भार आणि माणसांची जबरदस्ती या आठ गोष्टींपासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे. ही दुआ सहीह बुखारीत आहे. आपल्यापैकी अनेकांना ती पाठ आहे आणि अनेकांच्या मुलांनी ती मकतबमध्ये पाठ केली आहे.

आज या दुआतील एका जोडीकडे आपले लक्ष वेधायचे आहे. अरबीत तिच्यासाठी ‘अज्ज’ आणि ‘कसल’ असे दोन शब्द आले आहेत. ‘अज्ज’ म्हणजे करण्याची ताकदच नसणे. उर्दूतील ‘आजिज’ हा आपल्या परिचयाचा शब्द याच मुळातून आलेला आहे. ‘कसल’ म्हणजे ताकद असूनही मन न उठणे, म्हणजेच आळस. हदीसचा अर्थ उलगडून सांगणाऱ्या विद्वानांनी हा फरक आवर्जून नोंदवला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत एकच दृश्य दिसते : काम पडून आहे आणि माणूस बसून आहे. परंतु रोग दोन आहेत आणि म्हणून औषधेही दोन आहेत.

आपल्या घराघरांत मात्र या दोन शब्दांची अदलाबदल झालेली आहे. स्वतःच्या आळसाला आपण थकवा म्हणतो आणि दुसऱ्याच्या थकव्याला आळस. संध्याकाळी घरी येऊन दोन तास मोबाईल पाहणारा म्हणतो, ‘मी दमलो आहे.’ फजरपासून उभी असलेली त्याची पत्नी दुपारी घटकाभर आडवी झाली, तर तिला ऐकावे लागते, ‘दिवसभर घरातच तर असतेस!’ या एका चुकीच्या निदानाने कितीतरी घरांतील समाधान नाहीसे केले आहे.

आळसाच्या गाठी

प्रथम आळसाचा विचार करू. पवित्र कुरआनात सूरह अन-निसामध्ये (४:१४२) दांभिकांचे एक लक्षण सांगितले आहे : ते नमाजसाठी उभे राहतात तेव्हा आळसावलेले असतात. आळस ही केवळ शरीराची सवय नाही. श्रद्धा सैल झाल्याची ती खूण असू शकते, ही जाणीव या आयतीतून होते.

मग त्यावर उपाय कोणता? बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत माननीय अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार एक हदीस आली आहे. झोपलेल्या माणसाच्या मानेमागे सैतान तीन गाठी मारतो. माणसाने जागे होऊन अल्लाहचे स्मरण केले की पहिली गाठ सुटते, वुजू केला की दुसरी सुटते आणि नमाज अदा केली की तिसरी. मग त्याची सकाळ उत्साही आणि प्रसन्न मनाने होते. अन्यथा ती जड मनाने आणि आळसात होते.

या हदीसमधील क्रम लक्षपूर्वक पाहा. उत्साह शेवटी आला आहे. आधी हुरूप आला आणि मग तो माणूस उठला, असे येथे नाही. तो जड मनानेच उठला, गाठी बांधलेल्या असतानाच त्याने जिभेने स्मरण केले, थंड पाण्याला हात लावला, आणि एकेक कृतीबरोबर एकेक गाठ सुटत गेली. आपण याच्या उलट वागतो. ‘मूड लागला की अभ्यासाला बसेन,’ असे विद्यार्थी म्हणतो. ‘मन लागले की कुरआनची तिलावत सुरू करेन,’ असे आपण म्हणतो. मन लागण्याची वाट पाहत वर्षे जातात. मन कामाच्या पुढे चालत नाही, ते कामाच्या मागून येते.

घरात राहून काम करणाऱ्यांना हे अधिक लागू आहे. घरी शिलाई करणारी भगिनी असो, खोलीच्या कोपऱ्यात संगणकावर नोकरी करणारा तरुण असो की परीक्षेची तयारी करणारी मुलगी असो, त्यांच्यासाठी कारखान्याचा भोंगा वाजत नाही. दिवस सगळा मोकळा दिसतो आणि म्हणूनच तो हातातून निसटतो. परंतु मुसलमानाचा दिवस मोकळा कधीच नसतो. अजानने त्याचे भाग आधीच पाडून ठेवले आहेत. फजर ते जोहर हा सर्वांत लांब आणि ताजा पट्टा. सर्वांत अवघड काम तेथे ठेवावे. जोहर ते असर हातांची कामे करावीत. असर ते मगरिब बाजार, भेटीगाठी आणि मुलांसाठी द्यावा. ‘दुपारी करू’ असे म्हणण्याऐवजी ‘जोहरनंतर लगेच करू’ असे म्हणून पाहा. कामाला बसण्याची वेळ ठरून जाते.

सकाळच्या प्रहरात आपल्या उम्मतला बरकत मिळावी, अशी दुआ पैगंबर (स.) यांनी केली आहे. ती सांगणारे सख्र अल-गामिदी (रजि.) स्वतः व्यापारी होते. ते आपला माल पहाटेच रवाना करीत आणि त्यांची संपत्ती वाढली, असे अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत नोंदलेले आहे. मात्र पहाटेची बरकत रात्रीच ठरते. इशाच्या आधी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारत बसणे पैगंबर (स.) यांना आवडत नसे. त्या काळी मोबाईल नव्हता, पण माणूस हाच होता. रात्री दोन वाजेपर्यंत पडद्यावर बोट फिरवणाऱ्याच्या गाठी फजरला सुटत नसतील, तर तो दोष पहाटेचा नाही.

भिजपावसासारखे काम

सुरुवात झाली, पण ती टिकत नाही, ही दुसरी तक्रार. रमजानमध्ये ठरवलेले शव्वालमध्ये विसरले जाते. माननीय आयशा (रजि.) यांच्या कथनानुसार अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे थोडे असले तरी नित्य असते. त्यांना एकदा विचारण्यात आले की, पैगंबर (स.) उपासनेसाठी काही खास दिवस राखून ठेवीत असत काय? त्यांनी ‘नाही’ म्हटले आणि पैगंबरांच्या कर्माचे वर्णन करण्यासाठी ‘दीमा’ हा शब्द वापरला.

हा शब्द सुंदर आहे. मेघगर्जना नाही, विजा नाही, शांतपणे बराच वेळ पडत राहणारा पाऊस म्हणजे ‘दीमा’. आपल्या मराठीत त्याला भिजपाऊस म्हणतात. वळीव येतो तो गडगडाट करीत. तासाभरात ओढे वाहू लागतात, पण पाणी वरच्यावर निघून जाते. भिजपाऊस गाजावाजा करीत नाही, तो मुळांपर्यंत उतरतो. आपले संकल्प बहुधा वळिवाचे असतात. एका दिवसात सारे घर आवरायचे, एका रात्रीत अर्धे पुस्तक वाचायचे आणि मग पंधरा दिवस काहीच नाही. त्यापेक्षा रोज कुरआनचे एक पान अर्थासह, रोज एक कप्पा, रोज अर्धा तास अभ्यास ठरवावा, आणि आजारपणातही जमेल इतकाच तो संकल्प लहान ठेवावा.

थकलेल्यांचा हक्क

आता दुसरा शब्द, असमर्थता. येथे आळसाचे औषध दिले तर रोग वाढतो.

माननीय फातिमा (रजि.) यांचा प्रसंग आपण जाणता. जाते ओढून त्यांच्या हातांना त्रास झाला होता. पैगंबर (स.) यांच्याकडे काही कैदी आल्याचे कळल्यावर त्या सेवक मागण्यासाठी गेल्या. भेट झाली नाही, म्हणून आयशा (रजि.) यांच्याजवळ त्यांनी हे सांगितले. रात्री पैगंबर (स.) स्वतः मुलीच्या घरी आले. अली (रजि.) आणि फातिमा (रजि.) अंथरुणावर पडले होते, ते उठू लागले, तेव्हा त्यांना तसेच राहू दिले. मग सेवकापेक्षा उत्तम गोष्ट म्हणून झोपण्यापूर्वी ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणण्यास शिकवले. अली (रजि.) यांनी हा पाठ आयुष्यभर सोडला नाही, सिफ्फीनच्या रात्रीही नाही.

हा प्रसंग आपण स्त्रियांना नेहमी सांगतो, पण अर्धाच सांगतो. मुलीच्या थकव्याला पैगंबर (स.) यांनी आळस म्हटले नाही. निरोप धाडला नाही. रात्री चालत तिच्या घरी गेले आणि तिच्याजवळ बसले. तस्बीह ही थकलेल्या जीवाला अल्लाहने दिलेली शक्ती आहे. थकलेल्याला गप्प बसवण्यासाठी ती इतरांच्या हाती दिलेली नाही. ज्याला हा प्रसंग पत्नीला सांगावासा वाटतो, त्याने आयशा (रजि.) यांची दुसरी साक्ष स्वतःला सांगावी. पैगंबर (स.) घरात काय करीत असत, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी बाहेर पडत. हीही बुखारीतीलच हदीस आहे.

आपले वास्तव काय आहे? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे ८१ टक्के दिवसभरात बिनमोबदला घरकाम करताना आढळल्या. पुरुषांपैकी सुमारे २६ टक्के. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, म्हणजे जवळजवळ पाच तास. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जिना चढताना जिला धाप लागते आणि दुपारी जिचे डोळे मिटतात, तिला उपदेशाची नव्हे, रक्ततपासणीची गरज असू शकते. बाळंतपणानंतर किंवा एखाद्या दुःखानंतर आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, तर तोही आजार असू शकतो आणि त्यालाही डॉक्टर आहेत. उपचार करा, असे पैगंबर (स.) यांनी सांगितले आहे. अल्लाह कोणावरही त्याच्या शक्तीपलीकडे भार टाकत नाही, हे सूरह अल-बकराच्या शेवटच्या आयतीत (२:२८६) आपण वाचतो. मग तो भार टाकणारे आपण कोण?

उपासनेतही हेच तत्त्व आहे. पैगंबर (स.) यांना मशिदीत दोन खांबांना बांधलेली एक दोरी दिसली. नमाजमध्ये थकवा आल्यावर आधार घेण्यासाठी ती माननीय जैनब (रजि.) यांनी बांधली होती. पैगंबर (स.) यांनी दोरी सोडायला लावली आणि सांगितले की, उत्साह असेपर्यंत नमाज पढावी, थकल्यावर बसावे. याच जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतःच्या हातांनी काम करून त्यातून दानधर्म करीत असत. ज्यांच्या कष्टाळूपणाबद्दल शंका नाही, त्यांनाच विश्रांतीचा हा आदेश मिळाला, हे विसरता येणार नाही.

कोणाला काय म्हणावे

तर मग ओळखायचे कसे? स्वतःच्या बाबतीत कठोर व्हावे आणि इतरांच्या बाबतीत उदार. स्वतः बसलेले असाल, तर आधी तो आळस आहे असे समजून एक लहान काम सुरू करा. वुजू करा, दहा मिनिटे हात चालवा. गाठ सुटली तर तो आळस होता. तरीही शरीर साथ देत नसेल, तर विसावा घ्या, मदत मागा; त्यात लाज नाही. आणि दुसरा बसलेला दिसला, तर आधी तो थकला आहे असे समजा. ‘काय बसून राहिलीस?’ याऐवजी ‘कोणते काम राहिले आहे? ते मी करतो’ असे म्हणून पाहा.

ज्या अनस (रजि.) यांच्यापासून आपण सुरुवात केली, त्यांचीच दुसरी साक्ष आहे. एवढ्या वर्षांत पैगंबर (स.) त्यांना कधी ‘उफ्’ म्हणाले नाहीत, केलेल्या गोष्टीबद्दल ‘असे का केलेस’ असेही कधी विचारले नाही. टोमण्याने हात काही काळ हलतात, मन मात्र बसून राहते. आपल्या मुलांना आळशी म्हणण्यापूर्वी त्यांच्या कानांवर रोज काय पडते, याचा विचार व्हायला हवा.

शेवटी नियत. पत्नीच्या तोंडात घातलेल्या घासाचाही मोबदला अल्लाहकडे आहे, असे पैगंबर (स.) यांनी साद बिन अबी वक्कास (रजि.) यांना सांगितले. मग तो घास शिजवणाऱ्या हातांचे, ताट घासणाऱ्या हातांचे आणि त्या घासासाठी दूर परदेशात राबणाऱ्या हातांचे मोल त्याच्याकडे बुडेल काय? उद्या सकाळी चूल पेटवताना, शिलाई मशीनवर बसताना किंवा संगणक उघडताना ‘बिस्मिल्लाह’ म्हणा आणि हे काम कोणासाठी, हे मनात एकदा ठरवा. घरातली कोणाचीही नजर त्या कामावर पडली नाही, तरी ते पाहणारा एक आहे.

हे अल्लाह, आम्हाला असमर्थतेपासून आणि आळसापासून वाचव. आमच्या सकाळींत बरकत दे. आमच्या घरांतील थकलेल्यांना ओळखण्याची नजर आणि त्यांचा भार उचलण्याची उमेद आम्हाला दे. आमीन.