कायमचं गाव नाही, हे कोणी कोणाला सांगावं?

आजचं मननवचन: इब्री १३:१४



पृथ्वीवरचं कुठलंही गाव आपलं कायमचं नव्हे, आपली वाट पुढच्या गावाकडे जाते, असा या वचनाचा भावार्थ. मयताच्या मिस्सेला ते ऐकून आपण मान डोलावतो. पण अमेरिकेतल्या बाल्टिमोर धर्मप्रांतानं याच वचनावरून आपल्या एका योजनेला नाव दिलं, ‘सीक द सिटी टू कम’. त्या योजनेत शहरातली निम्म्याच्या आसपास देवळं मिटली. तेव्हापासून हे वचन मला तितकं सोपं वाटत नाही.

बाल्टिमोर म्हणजे अमेरिकेतला पहिला कॅथलिक धर्मप्रांत, १७८९ चा. १९५० साली शहरात साडेनऊ लाख लोक होते, २०२० च्या जनगणनेत सहा लाखही भरले नाहीत. देवळं मात्र जुन्या गर्दीच्या मापाची. २०२२ मध्ये बैठका सुरू झाल्या आणि मे २०२४ मध्ये आर्चबिशप विल्यम लोरी यांनी निर्णय जाहीर केला: शहर आणि लगतच्या भागातले ६१ धर्मग्राम एकत्र करून २३, उपासनेच्या जागा ३०. मधेच, सप्टेंबर २०२३ मध्ये, बाललैंगिक अत्याचारांच्या दाव्यांपुढे धर्मप्रांतानं दिवाळखोरीच्या कायद्याचं संरक्षण मागितलं. दोन्हींचा संबंध नाही असं सांगण्यात आलं. तरी ज्यांचं देऊळ जाणार होतं त्यांच्या मनात शंका आली असेल, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

आता हिशेबाची बाजू. ती मला पटते, हे आधीच सांगतो. शंभर वर्षांचं छप्पर, हिवाळ्यात तापवावा लागणारा प्रचंड हॉल, रविवारी बाकांवर साठ-सत्तर माणसं. दानपेटीतला पैसा गरिबांकडे न जाता बॉयलरमध्ये जळत असेल, तर तेही पापच म्हणावं लागेल. कॅनन लॉच्या ५१५ व्या कलमात धर्मग्राम म्हणजे भाविकांचा समुदाय, इमारतीचा तिथं उल्लेखच नाही. त्याच कलमानुसार धर्मग्राम बंद करायचा अधिकार बिशपांचा. आधी धर्मगुरूंच्या मंडळाचं मत ऐकायचं. भाविकांना विचारायलाच हवं असं हे कलम म्हणत नाही. बाल्टिमोरनं विचारलं, हे त्यांच्या बाजूनं लिहायला हवं.

मग अडतं कुठे? इब्रीकरांच्या पत्रात एक वचन मागे जा. तेरावं वचन म्हणतं, आपण छावणी सोडून त्याच्याकडे जाऊ, त्याची अप्रतिष्ठा सोसत. म्हणजे चौदावं वचन बोलणारा स्वतः बाहेर पडलेला आहे. कायमचं गाव नाही हे तो स्वतःबद्दल म्हणतोय. तेच वाक्य किल्ल्या हातात असलेल्या माणसानं, काठी टेकत मिस्सेला येणाऱ्या आजीला ऐकवलं की त्याचा अर्थ पालटतो. शब्द तेच, पण सांत्वनाची नोटीस होते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे रोज चालतं. जुनी सिस्टीम बंद करायची असली की वापरणाऱ्यांना मेल जातो: तुमच्या अनुभवात सुधारणा होत आहे. खरं एवढंच असतं की ती सांभाळायला आता आमच्याकडे माणसं नाहीत. तसं सरळ लिहिलं तर लोक चिडतात, पण मान राखला गेला असं त्यांना वाटतं. शिवाय शेवटपर्यंत जुन्या सिस्टीमवर राहणारे बहुधा तेच असतात ज्यांना दुसरीकडे जाणं सर्वांत कठीण. आकड्यांत ते दोन टक्के दिसतात. देवळाच्या बाबतीत ते दोन टक्के म्हणजे गाडी नसलेले, वयस्कर, आणि ज्यांच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा अंत्यविधी त्याच वेदीसमोर झाला ते.

आपण वसईकरांना हे कळायला जड जाऊ नये. किल्ल्यातली देवळं १७३९ नंतर ओस पडली. भिंती उभ्या आहेत, वर आभाळ. पापडीला, सांडोरला मात्र आजही मिस्सा होते, तीही आपल्या मराठीत. देऊळ गेलं म्हणून श्रद्धा जात नाही, याचा पुरावा आपणच. पण त्या ओसाड भिंतींकडे बघून ‘काही बिघडलं नाही’ असंही आपण कधी म्हणत नाही.

म्हणून योजना आखणाऱ्यांना मी दोनच गोष्टी विचारेन. या वचनाखाली तुमचं स्वतःचं काय काय आलं? मुख्य कार्यालय, निवासस्थान, यांतलं काही? आणि बंद झालेल्या देवळातली माणसं वर्षभरानं नव्या देवळात मोजली का? जमिनीच्या किमतीचा अंदाज जितक्या काळजीनं काढतात, तितक्या काळजीनं, नावानिशी. समुदाय म्हणजेच धर्मग्राम असेल, तर वाटेत गळालेली माणसं म्हणजे धर्मग्रामाचाच तुकडा.

आज मिस्सेत त्या एका माणसासाठी प्रार्थना करू या, जो रविवारी सवयीनं जुन्या दारापर्यंत चालत गेला आणि कुलूप बघून परतला.