मनाचा मापाडी

लातूरच्या अडत बाजारात तुरीच्या वा सोयाबीनच्या राशीपुढे काटा घेऊन उभा राहणारा मापाडी आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल. तो माल विकणाऱ्याचा नसतो, घेणाऱ्याचाही नसतो. त्यास परवाना असतो तो बाजार समितीचा. भाव चढला वा उतरला म्हणून त्याची तोलाई बदलत नाही. वजनावरून तेथे तंटे होतात. परंतु तोलणारा आणि विकणारा एकच असू नये, ह्याविषयी तंटा होत नाही. जो नियम आपण धान्यास लावतो, तो मनुष्याच्या मनास लावण्याची वेळ आता आली आहे; आणि तो लावावयाचा तर मापाड्याची तोलाई कोणी द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय.

मन तोलण्याची यंत्रे ही आता केवळ कादंबरीतील कल्पना राहिलेली नाही. कंपवाताच्या रोग्याच्या मेंदूत खोलवर तार बसवून त्याच्या हातांचा कंप शमविता येतो. मानेखालचे अंग लुळे पडलेला एक अमेरिकन तरुण मेंदूत बसविलेल्या यंत्राच्या योगे केवळ इच्छामात्रेकरून संगणक चालवू लागल्याचे २०२४ साली जगाने पाहिले. हे उपकार लहान नव्हेत, आणि त्यांस नाके मुरडणे आम्हांस मान्य नाही. परंतु जे यंत्र मनाची सेवा करू शकते, तेच मनाविरुद्ध साक्षही देऊ शकते. आणि ती साक्ष आपल्या महाराष्ट्रातच एकदा झालेली आहे.

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपीस जन्मठेप दिली. इतर पुरावा न्यायालयापुढे होताच; पण त्यात मेंदूच्या विद्युत्-लहरींच्या परीक्षेचाही आधार घेतला गेला. ह्या परीक्षेत आरोपीच्या डोक्यावर लहरी टिपणारी टोपी बसवितात, आणि त्यास काही न बोलता, ‘मी अमुक केले’ अशा धर्तीची वाक्ये ऐकावयास लावतात. केवळ ऐकलेली गोष्ट आणि प्रत्यक्ष अनुभवलेली गोष्ट ह्यांतील भेद यंत्र ओळखते, असा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा होता. त्याच वर्षी बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ-समितीने ह्या परीक्षेस पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे मत दिले. आरोपीस पुढे मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. आणि ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की, अशी परीक्षा कोणाही मनुष्याच्या संमतीवाचून करता येणार नाही.

हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी यंत्र आले, मग शिक्षा झाली, आणि ‘हे यंत्र खरोखर काय सिद्ध करते?’ हा प्रश्न अधिकारवाणीने विचारला गेला तो सर्वांच्या शेवटी. आरोपी दोषी की निर्दोष, हे आम्ही सांगत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, काटा तपासण्यापूर्वीच माल तोलला गेला. यंत्र घडविण्यास पैसा मिळाला. यंत्राची उलटतपासणी करणे हे मात्र कोणाचेच वेतनाचे काम नव्हते.

यावर कोणी म्हणेल की, नीतीचा विचार करण्यास पैसा कशाला हवा? एक खुर्ची, एक दिवा आणि स्वस्थ चित्त एवढे पुरे. हे पूर्वी खरे असेल. आज यंत्राचा दावा खरा की खोटा हे पाहावयाचे तर प्रयोग पुन्हा करून पाहावे लागतात, तज्ज्ञांचा वेळ द्यावा लागतो, आणि ज्यांवर यंत्र चालावयाचे त्यांच्या दाराशी जावे लागते. आमच्या नांदेड-लातूरकडील एखाद्या मातेने मराठीत ‘हो’ म्हटले, तर तिला नेमके काय कळले होते, हे पुण्या-मुंबईच्या खुर्चीवरून उमगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. जेथे तालुक्याच्या गावी मेंदूचा वैद्य मिळणे कठीण, तेथे नीतीच्या संशोधनावर खर्च करणे म्हणजे उपाशी मनुष्यापुढे पत्रावळीच्या शोभेची चर्चा करणे नव्हे काय? हा आक्षेप आम्हांस अंतःकरणात बोचतो. तथापि आम्ही उपचाराचा पैसा मागत नाही; यंत्राच्या पैशातील अल्प हिस्सा मागतो. मानवी जनुकांच्या आलेखाचे कार्य अमेरिकेत १९९० साली हाती घेतले गेले, तेव्हा त्याच्या सरकारी खर्चातील ३ ते ५ टक्के भाग त्याच्या नैतिक व सामाजिक परिणामांच्या अभ्यासास राखून ठेवण्यात आला होता. शिवाय ज्या गावी वैद्य नाही, त्या गावी यंत्राच्या जाहिरातीस प्रत्युत्तर देणाराही कोणी नसतो.

तिसरा आक्षेप आमच्याच पक्षावर उलटतो. पैसे घेऊन नीती सांगणारा हा यजमानास हवा तो मुहूर्त काढून देणारा ज्योतिषी होणार नाही कशावरून? ही भीती खरी आहे, म्हणूनच तोलाई कोण देतो ह्यास आम्ही एवढे महत्त्व देतो. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली, आणि त्यातील मोठा भाग उद्योगधंदे व खासगी मार्गांनी यावा, अशी अपेक्षा धरली गेली. विज्ञानाचा मानव्यविद्यांशी जेथे संबंध येतो, तो प्रांतही ह्या प्रतिष्ठानाच्या कक्षेत आहे. ही समाधानाची गोष्ट होय. परंतु यंत्र विकणाराच जर यंत्राच्या नीतीचा अभ्यास पोसू लागला, तर तो मापाडी विकणाऱ्याच्या घरचा झाला. हा हिस्सा सार्वजनिक पैशातून यावा, त्याचे वाटप यंत्रनिर्मात्यांच्या हाती नसावे, आणि निष्कर्ष प्रतिकूल असला तरी तो छापला जावा.

ही घाई कशासाठी, असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी लातूरच्या शिकवण्यांकडे पाहावे. गावोगावची मुले वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी तेथे येऊन राहतात. कोणाच्या बापाने त्यासाठी कर्ज काढलेले असते. चीनमधील एका प्राथमिक शाळेत मुलांचे अवधान मोजणारी पट्टी त्यांच्या कपाळी बांधली गेली, आणि २०१९ साली गवगवा झाल्यावर ती काढावी लागली. उद्या तशी पट्टी कोणी येथे विकावयास आणली, तर तो बाप ‘नको’ म्हणेल काय? मुलाचे चित्त पुस्तकात आहे की घरच्या आठवणीत, हे त्यास कळावयास हवेच असेल. मुलगाही संमती देईल. परंतु कर्जाच्या ओझ्याखाली दिलेल्या संमतीस संमती म्हणावे काय, हे सेल्वी खटल्याच्या निर्णयाने सुटलेले नाही.

घरची आठवण काढण्याचा त्या मुलाचा अधिकार कोणत्याही काट्यावर चढविण्याजोगा आहे की नाही, हे पट्टी येण्यापूर्वी ठरविले पाहिजे. ते ठरविण्यास विद्वान लागतील, वेळ लागेल, आणि त्या वेळाचे मोल कोणास तरी द्यावे लागेल. ते आपण सर्वांनी मिळून दिले नाही, तर विकणारा ते आनंदाने देईल.