ट्रंकेच्या तळाशी

लहानपणी आमच्या घरी एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार-पाच कॅसेटी असत. तमाशातल्या बतावणीच्या आणि सवालजवाबांच्या. आम्ही पोरे निजलो अशी खात्री झाली की वडील त्या हलक्या आवाजात लावीत आणि तोंडावर पंचा धरून हसत. सकाळी मात्र शेजारच्या पोराने त्यातली एखादी ओळ गुणगुणली, तर त्याच्या कानाखाली वाजवायला ते कमी करीत नसत.

वडील ढोंगी होते असे मला पुष्कळ वर्षे वाटे. पुढे कळले, की ते एकटे नव्हते. सोव्हिएत रशियात, लेनिनग्राडला, अर्कादी सेवेर्नी नावाचा गायक होता. चोर, कैदी आणि दारुडे यांच्या दुनियेतली गाणी तो मित्रांच्या घरी बसून गाई. ती टेपवर उतरत, एका टेपवरून दुसरीवर जात आणि देशभर पसरत. तबकड्या काढणारी कंपनी सरकारी. तिने त्याच्या हयातीत त्याची एकही तबकडी काढली नाही. त्याच्या आधी तर तेथल्या लोकांनी टाकून दिलेल्या क्ष-किरणांच्या फिल्मांवर चोरून गाणी कोरली होती. कुणाच्या तरी बरगड्यांवर कुणाचे तरी गाणे! सेवेर्नी १९८० साली, वयाच्या ४१ व्या वर्षी वारला. आमची ट्रंक त्या देशात घरोघर होती म्हणायची.

आता आपल्या गावाकडे पाहू. रामजोशी सोलापूरचे. विद्वान ब्राह्मण घराण्यातला हा मुलगा तमाशाच्या फडाकडे ओढला गेला, आणि थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढले. दीडशे वर्षांनी, १९४७ साली, त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि महाराष्ट्राने तो डोक्यावर घेतला. पुढे लवकरच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती मग उठली. गेलेला शाहीर पडद्यावर आणि जिवंत तमासगीर दाराबाहेर, असा तो न्याय.

हा न्याय मीही केला आहे. मी शिक्षक. वर्गात 'आपल्या सोलापूरचे रामजोशी' असे मी छाती फुगवून सांगतो. दोन वर्षांपूर्वी असेच सांगून झाल्यावर, 'आजकाल बारीत चालते तो नुसता ग्राम्यपणा', असे एक वाक्य मी सहज जोडले. वर्गात एक मुलगी होती. तिची आई मोडनिंबकडे बारीत नाचते हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी माहितीच्या कागदावर आईच्या व्यवसायाची जागा तिने कोरी ठेवली. मी कारण विचारले. ती म्हणाली, "सर, काल तुम्ही म्हणालात तेच लिहू का?"

मग अश्लील असे काही नसतेच काय? असते. पण शब्दाला दोन अर्थ असले म्हणून कुणाचे घर बुडत नाही. एका बाईच्या गरजेवर दहा माणसे नोटा फेकतात आणि तिच्या दुखण्याखुपण्याशी कुणाला कर्तव्य नसते, अश्लीलता तेथे आहे. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली ही बाई २००२ साली हलाखीत गेली. तिच्या लावणीतले शब्द तपासणारे पुष्कळ निघाले असतील. समोर बसलेल्यांना कुणी तपासले? गाण्यात दोष शोधणे सोपे, कारण गाणे उलटून बोलत नाही. बैठकीत शोधायला जावे, तर तेथे आपलेच वडील बसलेले आढळायचे.

त्या कोऱ्या जागेत मी 'कलावंत' असे लिहिले. मुलीने ते वाचले, पण ती काही बोलली नाही. माझ्या एका शब्दाने कालचे वाक्य पुसले गेले असे समजण्याइतका मी भोळा नाही.

वडील आता नाहीत. कॅसेटी मी ट्रंकेतून काढून पुस्तकांच्या फळीवर ठेवल्या आहेत. तरी, खोटे कशाला बोलू, पाहुणे येणार असले की अजून माझा हात त्यांच्याकडे जातो.