अबोल्याआधी

1882 साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र होते. डेक्कन कॉलेजातली मैत्री, रात्र रात्र चाललेला वाद, आणि बाहेर आल्यावर पुन्हा तेच ‘केसरी’ वृत्तपत्र. पुढे आधी राजकीय सुधारणा की सामाजिक, यावरून बिनसलं. 1888मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. दोन्ही पत्रं एकमेकांवर तुटून पडू लागली. 1895मध्ये आगरकर अवघे अडतीस वर्षांचे असताना गेले. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

मित्र गमावल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलणं सोपं असतं. ऐकायला तो नसतो. आपली भांडणं तर इतकी मोठीही नसतात. लग्नाचं आमंत्रण राहिलं, उसने पैसे अडकले, एवढंच. ज्या मित्राशी बिनसलंय, त्याला आज फोन लावा. उचलला नाही, तर संध्याकाळी घरी जा.