रोगी आणि गिऱ्हाईक

अमेरिकेंत आरोग्याचा विमा पुष्कळांस नोकरीबरोबरच मिळतो. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, तेथील सरकारनें पगारवाढ रोखून धरली. तेव्हां कारखानदार पगाराऐवजीं विमा देऊं लागले, पुढें त्यावर कर माफ झाला, आणि आपद्धर्माचा शिष्टाचार होऊन बसला. या विम्याच्या एका नव्या तऱ्हेस २००३ च्या कायद्यानें आजचें रूप आलें. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें व पुतणे तिकडे नोकरीस असल्यामुळें तिची गोष्ट त्यांच्या कानांवर आली असेल.

या तऱ्हेंत विम्याचा हप्ता कमी असतो. परंतु वर्षांतील आजारपणाचा आरंभींचा ठरावीक खर्च नोकरानें स्वतः सोसावयाचा, आणि ती मर्यादा ओलांडल्यावर विमा कंपनीनें हात पुढें करावयाचा. ही मर्यादा २०२५ सालीं एकट्या माणसास निदान १,६५० व कुटुंबास ३,३०० डॉलर होती. जोडीस एक आरोग्य-बचत खातें मिळतें. त्यांतील पैशास करमाफी असते, व उरलेला पैसा आपलाच राहतो. प्रतिबंधक तपासण्या व लसी मात्र मर्यादेच्या बाहेर ठेविल्या आहेत.

यामागील विचार असा कीं, परक्याच्या पैशानें घेतलेल्या औषधाची किंमत कोणी विचारीत नाहीं. रोग्यास गिऱ्हाईक केलें म्हणजे तो चार ठिकाणीं भाव पाहील, आणि उधळपट्टी थांबेल. हा विचार हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. फुकट मिळालेल्या औषधांच्या बाटल्या आमच्याही फडताळांत पडून असतात! शिवाय त्यास पुरावा आहे. १९७४ पासून १९८२ पर्यंत रँड या संस्थेनें हजारों माणसांस घेऊन एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें निवडून कांहीं कुटुंबांस सर्व उपचार मोफत दिले, व कांहींस खर्चाचा मोठा वांटा उचलावयास लाविलें. ज्यांस पदरचे पैसे पडले त्यांचा खर्च सुमारें तीन दशांशांनीं कमी झाला, आणि सर्वसाधारण माणसाची प्रकृति त्यामुळें बिघडली नाहीं. परंतु त्याच प्रयोगांत असेंही दिसलें कीं, लोकांनीं निरुपयोगी उपचारांबरोबर उपयोगी उपचारही जवळजवळ तितक्याच प्रमाणांत सोडले. आणि गरिबांत ज्यांस रक्तदाबाचा विकार होता, त्यांस मोफत उपचारांनींच अधिक गुण आला.

कोणी म्हणेल, हा अज्ञानाचा दोष. तसें दिसत नाहीं. २०१३ सालीं एका मोठ्या कंपनीनें आपल्या चांगल्या पगाराच्या हजारों नोकरांस मोफत योजनेंतून काढून या नव्या तऱ्हेच्या योजनेंत घातलें. अर्थशास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें खर्च बारा ते चौदा टक्क्यांनीं उतरला. पण भाव पाहून, स्वस्त डॉक्टर शोधून उतरला असें आढळलें नाहीं. लोकांनीं उपचारच कमी घेतले, एवढेंच.

आमच्या मतें यांत नवल नाहीं. लुगडें घेणारी बाई पोत हातानें चाचपून पाहते. रोगी जें विकत घेतो तें मुळीं ज्ञानच असतें. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञानें १९६३ सालींच हें दाखविलें होतें. छातींत उठलेली कळ वायूची कीं हृदयाची, हें डॉक्टरास पैसे दिल्यावर कळावयाचें. आणि पैसे द्यावे कीं नाहीं, हें मात्र तत्पूर्वीं ठरवावयाचें! विवेकास निवडीचें कांहीं साधन लागतें. तें हातीं नसतां माणूस काटकसरीच्या नांवाखालीं भीतच असतो.

आणि ही भीति सर्वांच्या वांट्यास सारखी येत नाहीं. एकाच कंपनींतील व्यवस्थापकास व हिशेबनिसास मर्यादा बहुधा तीच. व्यवस्थापक खात्यांत पैसा सांठवून करमाफी भोगतो. हिशेबनीस खातें भरण्यापूर्वींच आजारी पडतो. घराच्या आंत पाहावें तर आणखी एक वांटणी दिसते. सगळ्यांचा खर्च एकाच पिशवींतून जावयाचा झाला म्हणजे मुलाच्या तापाला कोणी थांब म्हणत नाहीं. आईची पाठदुखी थांबते. आमच्याकडील गृहिणीस ही विद्या कोणत्याही कंपनीनें शिकविली नाहीं. घरखर्चाच्या डब्यांतून डॉक्टराचे पैसे काढतांना ती स्वतःस शेवटींच ठेवीत आली आहे. जी योजना सर्वांत कमी हक्क सांगणाऱ्याच्या सोसण्यांतून बचत काढते, तिला स्वातंत्र्य हें नांव देण्यास आमचें मन धजत नाहीं.

२०१९ च्या जुलैंत अमेरिकेच्या कर-खात्यानेंच थोडी माघार घेतली. मधुमेह्याचें इन्सुलिन, दमेकऱ्याचें श्वासावाटे घेण्याचें औषध, रक्तदाब मोजण्याचें यंत्र इत्यादि कांहीं वस्तु मर्यादेपूर्वींही विम्यांतून देण्याची मुभा मिळाली. म्हणजे ज्याची गरज निश्चित ठाऊक आहे त्यास गिऱ्हाईक समजूं नये, इतकें तरी मान्य झालें. ज्याच्या दुखण्यास अजून नांव मिळालेलें नाहीं, त्यास त्या यादींत जागा नाहीं; तो दर विचारावा कीं निजून राहावें, याच विचारांत आहे.