मायबाप सरकार आणि मागणारा नागरिक

'मायबाप सरकार' या संबोधनात राज्यसंस्थेविषयीचा एक संपूर्ण सिद्धान्त दडलेला आहे: देणारा वडीलधारा, घेणारा अपत्य. परभणी जिल्ह्यातील माणूस १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची रयत होता. १९५० साली राज्यघटनेने त्याला नागरिक म्हटले. १९७१ च्या 'गरिबी हटाओ'ने त्याला तिसरे नाव दिले: 'गरीब जनता'.

या तिसऱ्या नावाचे व्याकरण लक्षणीय आहे. डाव्या वळणाच्या लोकानुनयात 'जनता' सदैव एकवचनी असते आणि क्वचितच कर्ता असते. जे घडते ते तिच्यासाठी आणि तिच्या नावाने. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने सरनाम्यात 'समाजवादी' हा शब्द आला, तेव्हा आणीबाणीमुळे मूलभूत हक्कांसाठी न्यायालयाकडे जाण्याची वाट बऱ्याच अंशी बंद होती. जनतेचा गौरव आणि नागरिकाचा संकोच एकाच वेळी संभवतो, तो असा.

याच दशकातील महाराष्ट्राची रोजगार हमी योजना मात्र या व्याकरणाला छेद देते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील मजूर खडी फोडत होते, ते सरकारने काढलेल्या कामांवर. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला आणि संबंध पालटला: मजुराने काम मागावे, पंधरा दिवसांत ते मिळावे, न मिळाल्यास बेकारी भत्ता मिळावा. येथे क्रियापद मजुराचे आहे. अर्जावर 'जनता' सही करीत नाही. एक माणूस अंगठा उमटवतो.

यावर आक्षेप असा, की एकटा निरक्षर मजूर तहसील कचेरीपुढे दुबळाच ठरतो. अर्जाची पोच नाकारली की पंधरा दिवस मोजायला प्रारंभच होत नाही. हजेरीपटही राज्याच्याच हाती. आक्षेप खरा आहे. म्हणूनच संघटना लागते. शेतकरी कामगार पक्षाचा दीर्घकाळ प्रभाव राहिलेल्या या जिल्ह्याला ते नवे नाही. परंतु संघटनेतील समूह हा मागणाऱ्यांनी घडवलेला असतो. लोकानुनयातील समूह देणाऱ्याने कल्पिलेला.

तेव्हा राज्य किती देते, हा नैतिक प्रश्न अपुरा आहे. नकार मिळालेल्या माणसाला त्याच राज्याकडून उत्तर मागता येते काय, हा खरा प्रश्न. मागता येत नसेल, तर दान कितीही मोठे असो, घेणारा रयतच राहतो.