रतामाच्या झुडपाखालीं

शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय १९, वचनें १ ते ८



एलीया संदेष्ट्याची ही गोष्ट आपण पुष्कळदां ऐकली आहे. करमेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेनें स्वर्गांतून अग्नि उतरला, तोच मनुष्य ईजबेल राणीच्या एका निरोपानें भयभीत होऊन पळाला, आपल्या चाकराला बैर-शेबा येथें ठेवून एकटाच रानांत गेला, आणि रतामाच्या झुडपाखालीं बसून त्यानें मरण मागितलें. त्या वेळीं परमेश्वरानें काय केलें? त्याला दोष लावला नाहीं. त्याच्या विश्वासाचा हिशेब मागितला नाहीं. प्रथम त्याला झोंप लागूं दिली. मग देवदूतानें स्पर्श करून त्याला उठविलें. उशाशीं निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचा कुजा होता. तो जेवला आणि पुन्हां निजला. दुसऱ्यांदाही तसेंच झालें. होरेब डोंगरावर देवाची वाणी त्याच्या कानीं पडली ती त्यानंतर, ४० दिवसांची वाट चालून झाल्यावर.

हा पाठ मीं मधुमेहाच्या, म्हणजे आपल्या गांवीं ज्याला 'शुगर' म्हणतात त्या रोगाच्या संबंधानें घेतला आहे. एलीयाला मधुमेह होता असें कोठें लिहिलें आहे, असें कोणी विचारील. कोठेंही नाहीं. परंतु मन खचलें म्हणजे शरीरही खचतें, आणि देव त्या दोहोंची एकत्र काळजी घेतो, हें येथें स्पष्ट दिसतें. इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत १० कोटींहून अधिक लोकांस हा रोग आहे. तेव्हां प्रत्येक मंडळींत असे कोणी ना कोणी बसलेले असणारच.

दुःखानें साखर वाढते ती कशी, हें ऐका. घरांत जशी धान्याची कणगी, तसें शरीरांत यकृत. तेथें साखरेचा सांठा असतो. भय, संताप किंवा शोक झाला कीं शरीर अ‍ॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल हे रस रक्तांत सोडतें. त्यांच्या हुकमानें कणगी उघडते व साखर रक्तांत येते, कीं मनुष्याला पळण्यास किंवा झुंजण्यास बळ मिळावें. निरोगी मनुष्याचें स्वादुपिंड लागलीच इन्शुलिन सोडून ती आवरतें. मधुमेह्याच्या शरीरांत इन्शुलिन अपुरें असतें किंवा त्याचा अंमल चालत नाहीं. म्हणून साखर रक्तांतच राहते. गोडाचा एक घांसही न खातां असें होऊं शकतें. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत वॉल्टर कॅनन नांवाच्या शास्त्रज्ञानें इ. स. १९१३ च्या हंगामांतील अखेरच्या चुरशीच्या सामन्यानंतर फुटबॉलच्या २५ गड्यांचें मूत्र तपासलें, तों १२ जणांच्या मूत्रांत साखर निघाली. त्यांपैकीं ५ जण तर खेळलेच नव्हते. ते बाजूला बसून नुसते पाहत होते!

दुसरी वाट याहून साधी आहे. उदास मनुष्य वेळेवर जेवत नाहीं, चालणें सोडतो, रात्र जागून काढतो, गोळी विसरतो. मधुमेह असलेल्यांत खिन्नतेचा आजार इतरांच्या सुमारें दुप्पट आढळतो. आणि औषध घेऊन जो जेवला नाहीं त्याची साखर उलट फार उतरते : घाम येतो, हात कांपतात, तो विनाकारण चिडतो, भलतेंच बोलतो. अशा वेळीं घरचे लोक भूतबाधा समजून देवऋषीकडे धांवतात. ख्रिस्ती घरांतूनही हें घडतें, सांगावयास लाज वाटते. तो शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यांत देऊन लगेच पाजावी. बेशुद्ध असल्यास तोंडांत कांहींएक घालूं नये, दवाखान्यांत न्यावें.

जन्मांधाला पाहून शिष्यांनीं विचारलें, कीं पाप कोणाचें, ह्याचें कीं आईबापांचें? प्रभूनें तो प्रश्नच मोडून काढला. तरी आपण तो अजून विचारतों. मीही विचारला आहे.

एका लहान मंडळीची सेवा मजकडे असतां तेथील एका वृद्ध बहिणीचा पति प्रभूमध्यें निजला. तिला पुष्कळ वर्षांचा मधुमेह होता. महिन्याभरानें तपासलें तों साखर ३५० च्या वर गेलेली. सून म्हणाली, "आत्याबाई चोरून गोड खातात." मीं तें खरें मानलें. शिवाय थेस्सलनीकाकरांस लिहिलेलें पत्र काढून, विश्वासणाऱ्यांनीं अति शोक करणें बरें नव्हे, असा उपदेश केला. ती "होय, पाळकसाहेब" एवढेंच म्हणाली. पुढें तीन रविवार ती उपासनेस आली नाहीं.

चौथ्या आठवड्यांत मी पुन्हां गेलों तो बायबल न उघडतां बसलों. बऱ्याच वेळानें ती बोलूं लागली. तिला वाचतां येत नव्हतें. सकाळची गोळी कोणती व रात्रीची कोणती हें तिचा पति पाहत असे, आणि तोच तिच्या हातावर ठेवीत असे. तो गेल्यावर कोणाला विचारावें हें तिला कळेना. सुनेला विचारण्याचा संकोच वाटे. झोंप नव्हती. एकटीनें जेवावयास बसवत नव्हतें. आणि मीं तिला शोक करूं नको म्हणून सांगितलें होतें!

उपदेशक बंधूंनो, प्रार्थना अवश्य करा; पण प्रार्थनेच्या भरंवशावर इन्शुलिन किंवा गोळी सोडा, असें कोणास सांगूं नका. इन्शुलिन इ. स. १९२२ मध्यें टोरोंटो येथें प्रथम एका १४ वर्षांच्या मुलास टोचलें गेलें. त्यापूर्वीं हा रोग जडलेलीं लेंकरें वांचत नसत. ज्याची उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकते, त्याच्याविषयीं डॉक्टरांस कळवा. १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर फुकट बोलतांही येतें.

त्या बहिणीची नात सहावींत होती. ती आतां सकाळच्या प्रार्थनेनंतर पाकिटावरचें नांव वाचून आजीच्या हातावर गोळी ठेवते. शेजारची एक बहीण सायंकाळीं आपली भाकर घेऊन तिच्याकडे येते आणि दोघी मिळून जेवतात. साखर पुष्कळ उतरली आहे. पतीच्या स्मरणाचे दिवस आले कीं ती अजून चढते; त्या दिवसांत शेजारीण रात्रीं निजावयासही तिच्याच घरीं जाते.